न वाहणाऱ्या पाण्यात फिरणारा बुडबुडा : सूक्ष्म वाहिन्यांच्या सिम्युलेशनमधला एक नेहमीचा बिघाड

छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकीय प्रयोगशाळेचे काम पाहताना गेली काही वर्षे एकच तक्रार फिरून फिरून माझ्या टेबलावर येते. जालन्याच्या विद्यार्थ्याला ठिबकच्या तोटीतल्या नागमोडी वाटेत अडकलेली हवा अभ्यासायची असते, परभणीच्या विद्यार्थिनीला काचेच्या चिपमधल्या शंभर मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीतून बुडबुडे सोडायचे असतात, विषय वेगळे असले तरी वाक्य तेच असते : "सर, पाणी सोडलेलंच नाही, तरी बुडबुडा हलतोय." हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे, आणि तोच येथे, फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीपर्यंत, मांडत आहे. उदाहरणे ओपनफोम या प्रवाहाच्या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममधल्या इंटरफोम या सॉल्व्हरची, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या भागाची, आहेत, कारण आमच्याकडे बहुतेक जण तोच वापरतात.

लक्षणे

सर्वांत ओळखीचे लक्षण म्हणजे बंद डब्यात मधोमध ठेवलेला बुडबुडा हळूहळू एका भिंतीकडे सरकू लागतो, आणि वेगाचे बाण काढून पाहिले तर त्याच्या कडेभोवती मेशच्या, म्हणजे जागेचे छोटे तुकडे (सेल) पाडणाऱ्या जाळीच्या, रेषांशी जुळणारे, दिसायला फारच सुबक असे भोवरे दिसतात. ही सुबकताच संशयास्पद मानावी, कारण खऱ्या पाण्याला आपल्या मेशच्या रेषा ठाऊक नसतात. वाहत्या पाण्यात हाच बिघाड वेगळ्या रूपाने दिसतो : बुडबुड्याच्या शेपटाकडे करवतीच्या दात्यांसारख्या लहरी उठतात आणि काही वेळाने त्यातून बारीक तुकडे सुटतात. बुडबुडा आणि भिंत यांच्यामध्ये जो पाण्याचा पातळ थर असायला हवा तो नाहीसा होऊन बुडबुडा भिंतीला चिकटतो, हे तिसरे लक्षण. बुडबुड्याच्या आतला दाब हिशेबाशी जुळत नाही, हे चौथे. आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण दाब कोणी तपासत नाही. यांखेरीज रन, म्हणजे चालू असलेले सिम्युलेशन, मध्यरात्री थांबणे किंवा दुपारी एकाएकी मंदावणे अशीही तक्रार येते, पण तिचा पाण्याशी संबंध नसतो.

मुळात होते काय

या सॉल्व्हरमध्ये बुडबुड्याची कडा रेषेच्या रूपाने कोठेही साठवलेली नसते. हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक सेलमध्ये पाण्याचा वाटा किती, एवढाच एक आकडा असतो : पूर्ण पाणी असेल तर एक, पूर्ण हवा असेल तर शून्य, आणि कडेवरच्या सेलमध्ये मधले काहीतरी. पृष्ठताणाचे बल काढायचे तर कडेची वक्रता लागते, आणि ती या आकड्यांच्या चढउतारावरून अंदाजाने काढावी लागते. ब्रॅकबिल, कोथ आणि झेमाक यांनी १९९२ मध्ये हे बल कडेच्या दोन-तीन सेलमध्ये पसरवून मोजण्याची जी रीत दिली, तीच आजही बहुतेक ठिकाणी चालते. स्थिर बुडबुड्यात हे बल आणि दाबातला फरक यांनी एकमेकांना नेमके रद्द करायला हवे. पण वक्रता एका सेलमध्ये थोडी जास्त आणि शेजारच्या सेलमध्ये थोडी कमी निघाली की दोहोंची वजाबाकी शून्य येत नाही. जे बल शिल्लक राहते ते पाण्याला ढकलते. यालाच आम्ही खोटे प्रवाह म्हणतो.

मोठ्या टाकीच्या सिम्युलेशनमध्ये हे खपून जाते, सूक्ष्म वाहिनीत खपत नाही. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ०.०७२ न्यूटन प्रति मीटर आणि विष्यंदिता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, सुमारे ०.००१ पास्कल सेकंद असते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ७२ मीटर प्रति सेकंद हा वेग मिळतो. खोटे प्रवाह या वेगाच्या काही अंशाइतके असतात. तो अंश हजारातला एक धरला तरी वेग ०.०७२ मीटर प्रति सेकंद होतो, आणि आपल्या वाहिनीतला खरा प्रवाह बहुधा ०.०१ मीटर प्रति सेकंद असतो. म्हणजे खोटे खऱ्याच्या सातपट. हे गणित मी प्रत्येकाला वहीत करायला लावतो, कारण ते एकदा हाताने केले की पुढच्या तपासण्या का करायच्या हे समजावून सांगावे लागत नाही.

पहिली तपासणी : एकके

हिला दहा मिनिटे लागतात, खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात. जवळजवळ सगळे जण 'डॅमब्रेक' या तयार उदाहरणाची नक्कल करून सुरुवात करतात. त्या उदाहरणाच्या ब्लॉकमेशडिक्ट या मेशची मापे ठरवणाऱ्या फाइलमध्ये सर्व लांब्यांना ०.१४६ ने गुणणारी एक ओळ वर असते, आणि ती बदलायची राहून जाते. मग शंभर बाय शंभर मायक्रोमीटरचा म्हणून काढलेला डबा प्रत्यक्षात १४.६ मीटरचा, म्हणजे आमच्या वर्गापेक्षाही लांब निघतो. चेकमेश ही मेश तपासणारी आज्ञा चालवून डब्याच्या दोन टोकांचे निर्देशांक मीटरमध्ये वाचावेत. डोळ्यांनी पाहून आकार कळत नाही, कारण पडद्यावर दोन्ही डबे सारखेच दिसतात.

दुसरी चूक याहून कपटी आहे. इंटरफोमला साधी विष्यंदिता नको असते, घनतेने भागलेली हवी असते. पाण्यासाठी ती ०.०००००१ चौरस मीटर प्रति सेकंद आहे. एका विद्यार्थ्याने पुस्तकातला ०.००१ हाच आकडा तिथे भरला होता. अकरा दिवस चाललेल्या रनमधून बुडबुडा अतिशय देखणा निघाला : एकही लहर नाही, भिंतीलगत साडेनऊ मायक्रोमीटरचा जाड, स्वच्छ थर. अडचण एवढीच होती की त्या वेगाला तो थर ०.१८ मायक्रोमीटर असायला हवा होता. एका आकड्याने त्याचे पाणी हजारपट घट्ट, जवळपास एरंडेलाइतके झाले होते, आणि एरंडेलात खोटे प्रवाह जाणवण्याइतके उठत नाहीत. तेव्हापासून माझा नियम असा आहे की निकाल फार चांगला दिसत असेल तर एकके आणखी एकदा तपासावीत.

दुसरी तपासणी : वीज, उष्णता आणि अर्धवट फाइली

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि प्रयोगशाळेतला एसी बंद असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सकाळी एका स्टेपला, म्हणजे काळाच्या एका छोट्या टप्प्याच्या हिशेबाला, जेवढा वेळ लागत होता त्याच्या दीडपट दुपारी लागत असेल तर सॉल्व्हरमध्ये दोष शोधत बसू नये. आधी तापमान पाहावे आणि पंख्यात अडकलेली धूळ काढावी. वीज गेली आणि इन्व्हर्टरने साथ सोडली तर शेवटचे टाइम फोल्डर अर्धवट लिहिलेले राहते, आणि 'लेटेस्टटाइम'पासून, म्हणजे शेवटच्या साठवलेल्या वेळेपासून, सुरू करताना सॉल्व्हर तेच उचलून एखादी फाइल वाचता येत नाही अशी तक्रार करतो. ते एक फोल्डर काढून टाकले की मागच्या फोल्डरपासून काम सुरळीत चालू होते. लिहिण्याचे अंतर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, एवढे पुरे.

तिसरी तपासणी : हातचा हिशेब

रन सुरू करण्याआधी तीन आकडे कागदावर असावेत. पहिला आकडा दाबाचा. तीस मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोल बुडबुड्यात बाहेरच्यापेक्षा ४८०० पास्कल जास्त दाब असतो. हा पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागून येतो. द्विमितीय सिम्युलेशनमध्ये मात्र बुडबुडा गोळा नसून दंडगोलाचा काप असतो, त्यामुळे 'दुप्पट' हा भाग गळतो आणि उत्तर २४०० पास्कल येते. दाब निम्माच येतो म्हणून दोन आठवडे सॉल्व्हर बदलत बसलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांचा सॉल्व्हर पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

दुसरा आकडा कॅपिलरी नंबर, म्हणजे विष्यंदिता गुणिले वेग भागिले पृष्ठताण. आपल्या उदाहरणात तो सुमारे ०.०००१४ येतो. भिंतीलगतच्या थराची जाडी याच आकड्यावर ठरते, आणि मेशच्या तपासणीत तो पुन्हा लागेल. तिसरा आकडा गुरुत्व आणि पृष्ठताण यांच्या गुणोत्तराचा. वाहिनीच्या पन्नास मायक्रोमीटर त्रिज्येला तो दहा हजारात तीन-चार एवढाच असल्याने तपासणीपुरते गुरुत्व सरळ शून्य करावे. एक शंका कमी होते.

चौथी तपासणी : स्थिर बुडबुडा

साऱ्या पद्धतीचा कणा हाच आहे, आणि नेमकी हीच तपासणी टाळली जाते, कारण काहीच न होणाऱ्या गोष्टीचे सिम्युलेशन करणे कोणालाही वेळेचा अपव्यय वाटते. शंभर मायक्रोमीटरचा चौकोनी बंद डबा घ्यावा, एक मायक्रोमीटरचे सेल म्हणजे एकूण दहा हजार सेल करावेत, मधोमध तीस मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा ठेवावा, सगळीकडे वेग शून्य, गुरुत्व शून्य. पृष्ठताण, घनता आणि विष्यंदिता हे आकडे मात्र मूळ प्रश्नातलेच ठेवावेत, नाहीतर तपासणीला अर्थ उरत नाही. हे काम साध्या लॅपटॉपवरही होते.

सुरुवातीच्या क्षणांवरून निर्णय देऊ नये. सेटफील्ड्स या सुरुवातीची स्थिती भरणाऱ्या आज्ञेने ठेवलेला बुडबुडा गोल नसतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखा असतो; त्या पायऱ्या गुळगुळीत होताना काही काळ खरेच पाणी हलते आणि ते हलणे खोटे नव्हे. त्रिज्येच्या वर्गाला घनतेने भागलेल्या विष्यंदितेने भागले की ते शमायला लागणारा काळ मिळतो. इथे तो सुमारे ०.९ मिलिसेकंद आहे. तेवढा काळ उलटल्यावर डब्यातला सर्वांत मोठा वेग लिहून घ्यावा आणि आपल्या खऱ्या प्रवाहाच्या वेगाशी त्याची तुलना करावी. विसाव्या भागापेक्षा कमी असेल तर मी पुढे जाऊ देतो. पाचव्या भागापेक्षा जास्त असेल तर मूळ रन सुरूच करू देत नाही. हे आकडे कोणत्या ग्रंथातले नाहीत, माझ्या सवयीचे आहेत; मधल्या पट्ट्यात काय करायचे ते प्रश्न पाहून ठरवावे लागते.

एक पळवाट येथेच बंद करतो. पृष्ठताण दहापट कमी केला की खोटे प्रवाह झटक्यात शमतात, आणि अहवालाची तारीख जवळ आली की हा मोह अनेकांना होतो. पण त्यामुळे कॅपिलरी नंबर दहापट वाढतो, थर जाड होतो, बुडबुड्याचे नाक निमुळते होते; बिघाड जातो तसा मूळ प्रश्नही जातो.

पाचवी तपासणी : टाइम स्टेप

बहुतेक जण कूरां नंबर, म्हणजे एका स्टेपमध्ये पाणी सेलचा किती भाग ओलांडते तो आकडा, ०.२ ठेवून निश्चिंत होतात. कूरां नंबर पाण्याच्या वेगावर चालतो, आणि आपले पाणी तर जवळजवळ थांबलेले आहे : ०.०१ मीटर प्रति सेकंद वेग आणि एक मायक्रोमीटरचा सेल यांना तो २० मायक्रोसेकंदांची स्टेप खुशाल मंजूर करतो. परंतु कडेवरच्या बारीक लहरी पाण्याच्या वेगाने नव्हे, तर पृष्ठताणाच्या जोरावर धावतात, आणि त्या एका स्टेपमध्ये एक सेल ओलांडून पुढे गेल्या तर दर स्टेपला वाढत जातात. करवतीचे दाते येतात ते येथून. ब्रॅकबिल आणि सहकाऱ्यांच्याच लेखातली मर्यादा वापरली, म्हणजे दोन्ही घनतांची बेरीज गुणिले सेलच्या लांबीचा घन, भागिले चार पाय (π) गुणिले पृष्ठताण, आणि या सगळ्याचे वर्गमूळ, तर एक मायक्रोमीटरला उत्तर येते सुमारे ३३ नॅनोसेकंद. कूरां नंबरने दिलेली स्टेप याच्या सहाशेपट मोठी होती.

उपाय सोपा आहे : कंट्रोलडिक्ट या रनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅक्सडेल्टाटी', म्हणजे सर्वांत मोठी चालणारी स्टेप, हा आकडा या मर्यादेच्या निम्मा भरावा. त्याची किंमत मात्र आधी मोजून घ्यावी. एक मिलिमीटर अंतर ०.०१ मीटर प्रति सेकंद वेगाने कापायला ०.१ सेकंद लागतो, म्हणजे पूर्ण मर्यादेवर चालवले तरी तीस लाख स्टेप होतात. प्रत्येक स्टेपला अर्धा सेकंद धरला तर सतरा दिवस, आणि निम्मी स्टेप घेतली तर त्याच्या दुप्पट. सेल निम्मा केला की स्टेपची संख्या २.८ पट आणि द्विमितीय मेशमधले सेल चौपट होतात, म्हणजे काम अकरापट. म्हणूनच मेश बारीक करण्याचा सल्ला मी पहिल्या दिवशी देत नाही. त्यातून खोटे प्रवाह कमी होतीलच अशी खात्रीही नसते. वक्रतेतली चूक मेश बारीक केल्यावर आपोआप सुधारत नाही.

सहावी तपासणी : मेश, थर आणि भिंत

कडा जिथून जाते तिथले सेल चौरस असावेत. भिंतीजवळ लांबट, चपटे सेल घालण्याची सवय एकफेजी, म्हणजे नुसत्या पाण्याच्या किंवा नुसत्या हवेच्या, प्रवाहातून आलेली असते. बुडबुड्याची वक्रता अशा सेलमध्ये एका दिशेने चांगली आणि दुसऱ्या दिशेने वाईट मोजली जाते.

थर नाहीसा होण्याचे कारण बहुधा याहून साधे असते : तो मावण्याइतका सेलच लहान नसतो. ब्रेदरटन यांनी १९६१ साली दिलेल्या नियमाप्रमाणे थराची जाडी म्हणजे नळीची त्रिज्या गुणिले १.३४ गुणिले कॅपिलरी नंबरचा दोन तृतीयांश घात. पन्नास मायक्रोमीटर त्रिज्येला आणि ०.०१ मीटर प्रति सेकंद वेगाला हे ०.१८ मायक्रोमीटर होते, आणि आपला सेल आहे एक मायक्रोमीटरचा. थर सेलच्या पाचव्या भागातच मावतो, त्यामुळे भिंतीलगतच्या सेलमध्ये केवळ एक अपूर्णांक उरतो आणि चित्र काढणारा प्रोग्रॅम ०.५ ची रेषा काढताना तो दाखवतच नाही. वेग दहापट केला तर थर सुमारे ०.८ मायक्रोमीटर होतो. (कॅपिलरी नंबर मोठा असताना मूळ नियम थर जास्त जाड सांगतो, तेव्हा ओसिलू आणि केरे यांची २००० सालची सुधारणा वापरावी. वरचे साडेनऊ मायक्रोमीटर तिनेच काढले आहेत.) थरात किमान पाच सेल हवेत असे मी धरतो. ते परवडत नसेल तर थराबद्दल अहवालात काही विधान करू नये. बुडबुड्याचा वेग आणि लांबी एवढ्यावरच बोलावे आणि थर सिम्युलेशनमध्ये धरला गेलेला नाही हे स्पष्ट लिहावे.

भिंतीवरची अटही येथेच पाहावी. पाण्याच्या वाट्याला भिंतीवर 'झीरोग्रेडियंट' दिले असेल तर त्याचा अर्थ संपर्क कोन, म्हणजे पाण्याची कडा भिंतीला ज्या कोनात भेटते तो, ९० अंश असा होतो. स्वच्छ काचेवर पाणी जवळपास शून्य अंशाने पसरते. थर तुटला की बुडबुडा याच ९० अंशांनी भिंतीला चिकटतो आणि नंतर सुटत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. चौकोनी वाहिनीत पाणी कोपऱ्यांतून बुडबुड्याला वळसा घालून पुढे जाते, आणि द्विमितीय चित्राला कोपरेच नसतात. गोल नळीसाठी पाचरीच्या आकाराचे अक्षसममित मेश चालते. ठिबकच्या तोटीसाठी मात्र त्रिमितीयच लागते, आणि तेथे सेल निम्मा केल्यावर काम तेवीसपट होते.

सातवी तपासणी : सॉल्व्हर बदलणे

येथवर सगळे बरोबर असूनही स्थिर बुडबुडा नापास होत असेल तरच सॉल्व्हरला हात लावावा. आयसोॲडव्हेक्टर ही रोनबी, ब्रेडमोस आणि यासाक यांची २०१६ची पद्धत कडा धारदार ठेवते आणि बुडबुड्याचे चिरफाळणे कमी करते, पण वक्रता मोजण्याची रीत तीच राहिली तर खोटे प्रवाहही राहतात. हा गैरसमज फार पसरला आहे. खरा फरक पडतो तो वक्रता सेलच्या स्तंभांमधल्या उंचीवरून मोजल्याने आणि दाब व पृष्ठताण एकाच ठिकाणी, एकाच रीतीने मोजल्याने. स्तेफान पोपिने यांनी २००९ मध्ये दाखवले की अशा मांडणीत स्थिर थेंबाभोवतीचे प्रवाह शमत शमत संगणकाच्या अचूकतेच्या पातळीपर्यंत खाली जातात. त्यांचा बॅसिलिस्क हा प्रोग्रॅम मोफत आहे आणि मेश हवी तेथेच बारीक करतो. शिकायला महिना जातो, एवढे धरून चालावे. आमच्याकडे ज्यांनी तो महिना दिला त्यांच्यापैकी कोणीही या तक्रारीसाठी परत आलेले नाही.

कुठे थांबावे

संगणक तापून स्वतः बंद पडत असेल किंवा पॉवर सप्लायमधून वास येत असेल तर पेटी उघडू नये, हार्डवेअरच्या माणसाला बोलवावे. स्थिर बुडबुड्याची तपासणी दोन वेगवेगळ्या सॉल्व्हरमध्ये नापास झाली, किंवा सॉल्व्हरचा मूळ कोड बदलावा लागणार असे दिसू लागले, तर बहुफेजी प्रवाहाच्या सिम्युलेशनवर स्वतः काम केलेल्या व्यक्तीकडे जावे. कोडमध्ये अंदाजाने घातलेली एक ओळ पुढच्या चार जणांचे निकाल बिघडवते, हे मी पाहिले आहे. त्रिमितीय रनचा हिशेब काही महिन्यांवर जात असेल तर प्रयोगशाळेतले संगणक रात्रंदिवस पेटवून न ठेवता मोठ्या संगणकावर वेळ मिळवण्यासाठी मार्गदर्शकांमार्फत अर्ज करावा.

सलाइनच्या नळीतली हवा किंवा रक्ताची चिप असा विषय असेल तर सिम्युलेशन कितीही सुंदर आले तरी त्यावरून माणसाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये; तेथे प्रत्यक्ष मोजमाप करणारे तज्ज्ञच हवेत. ठिबकच्या बाबतीतही शेतकऱ्याला सल्ला देण्याआधी थांबावे. आमच्या भागातल्या तोट्या हवेपेक्षा विहिरी-बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने जास्त तुंबतात, आणि वरच्या कोणत्याही समीकरणात क्षार नाहीत. त्यासाठी पाण्याची तपासणी आणि ठिबकचा तंत्रज्ञ, दोन्ही लागतात.

मदत मागायला जाताना पूर्ण केस फोल्डर, लॉगच्या पहिल्या आणि शेवटच्या शंभर ओळी, तीन आकड्यांचा तो कागद आणि स्थिर बुडबुड्याच्या डब्यातला सर्वांत मोठा वेग एवढे सोबत असावे. नुसता मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो आणू नये.